वाकलेल्या पाठी आणि माझं पळणं

"कुठल्या स्पर्धेची तयारी करताय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"वजन कमी करायचंय?"

"नाही."

"शुगर, बीपी?"

"काही नाही."

"मग?"

डॉक्टर आठवड्यातून दोनदा शहापूरला येतात, बाहेर बाकड्यावर पंधरा-वीस माणसं बसलेली असतात, त्यामुळे ते उत्तरासाठी थांबले नाहीत. कल्याणहून काढून आणलेला एमआरआय त्यांनी उजेडाला धरला आणि डाव्या नडगीवर पेनाचं टोक ठेवलं. हाडाला केसाएवढी चीर होती.

"सहा आठवडे पळणं बंद. चालायचं तेही कामापुरतं. ऐकलं नाहीत तर ही चीर आरपार जाईल. मग प्लास्टर, कदाचित आत सळई. तीन-चार महिने जातील."

मी मान हलवली. माझ्या डोक्यात मात्र त्यांचा "मग?" फिरत राहिला. मी पदवीधर बाई. आमच्या घरातली पहिली. दुसऱ्याच्या अर्जात एक कागद कमी असला तर तो का कमी आहे हे मी दहा मिनिटांत शोधून काढते, तेच माझं काम आहे. आणि सहा वर्षं रोज सकाळी मी का पळते, त्यातले शेवटचे चार महिने हाड दुखत असताना का पळले, हे मला सांगता येत नव्हतं. मला भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी कुतूहल वाटलं.

दुखण्याबद्दल मी खूप काही सांगू शकले असते. नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वर चार बोटं, तुरीच्या दाण्याएवढी एक जागा. बोट ठेवलं की डोळ्यांत पाणी. आसनगावच्या रस्त्याला पहिल्या मोरीपाशी दुखायला लागायचं, तिसऱ्या मोरीपर्यंत बधिर व्हायचं. मी म्हणायचे, बघ, गेलं. घरी येऊन तेल लावायचं, चिकटपट्टी गुंडाळायची, सलवार खाली ओढायची. मग ते तिसऱ्या मोरीला जाईना. मग घरातून निघतानाच सोबत यायला लागलं. तरी मी जात होते. त्याच रस्त्यावर पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली पळतात. एकदा मी लंगडत पळताना त्यांच्यातली एक मुलगी बाजूने जाता जाता म्हणाली, "मावशी, तुमची पण भरती निघालीय काय?" सगळे हसले, मीही हसले. तिच्या पळण्याला कारण होतं. माझ्या नव्हतं.

यात मी एकटी असते तर कदाचित डॉक्टरांचं ऐकलंही नसतं. पण मधे ताई होती.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. सातवीनंतर शाळा सोडली आणि आईबरोबर शेतात, दुसऱ्यांच्या शेतात, वीटभट्टीवर गेली. मी शिकले. लग्न होऊन ती मुरबाड तालुक्यात गेली. आता तिच्या उजव्या गुडघ्याची झीज एवढी झालीय की जिना चढताना ती आधी डावा पाय ठेवते आणि उजवा हाताने उचलून आणते. ऑपरेशन करावं लागेल असं डॉक्टरांनी सांगून तीन वर्षं झाली होती. ती दर वेळी म्हणायची, "बघू." यंदा ज्येष्ठात ती अचानक तयार झाली. फोनवर म्हणाली, "लावणी आटपली का करते. पण तू यायचं. सुनेला घर हाय, गुरं हायत. न्हाणीत मला धरायला तूच पायजेस. दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाय."

"येते. महिन्याची रजा टाकते."

"नाय आलीस तर ऱ्हाऊ दे. मी नाय करणार मंग."

ती असं उगाच बोलत नाही. श्रावणातली तारीख ठरली होती. माझे सहा आठवडे त्याच्या आधी कसेबसे पूर्ण होत होते. माझं हाड तुटलं तर ताईचं ऑपरेशन रद्द होणार, आणि एकदा रद्द झालं की ती पुन्हा तयार होणार नाही, हे मला अगदी स्पष्ट दिसत होतं.

हे सगळं कळत असताना मी चार दिवस थांबले. फक्त चार.

चौथ्या दिवशी ऑफिसातून आले, भाकरी केली, आम्ही दोघं जेवायला बसलो, आणि मी अर्धी भाकरी परत टोपलीत ठेवली. नवरा म्हणाला, "बरं नाय काय?" मी म्हटलं, भूक नाही. खरं तर भूक होती. घास तोंडापर्यंत जायचा आणि वाटायचं, आज आपण केलं काय? दिवसभर खुर्चीवर बसलो. शिपाई पाणी आणून देतो. पंखा डोक्यावर. आणि आता परत बसून जेवायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी बिल्डिंगच्या गच्चीवर गेले. फक्त चालायला. चालणं म्हणजे पळणं नव्हे, असं स्वतःला बजावत पाण्याच्या टाकीभोवती शंभर फेऱ्या मारल्या. मग दीडशे. मग दोनशे, आणि पावलं आपोआप भराभर पडायला लागली. दहाव्या दिवशी ती तुरीच्या दाण्याएवढी जागा सुपारीएवढी सुजली होती. नवऱ्याला म्हटलं, जिन्यावर आपटलं. त्याच्याशी मी फारसं खोटं बोलत नाही, म्हणून ते मला चांगलं आठवतं.

त्या दिवशी मी टाकीला टेकून बसले आणि पहिल्यांदा नीट विचार केला. मला पळणं आवडतं का? नाही. दम लागतो, कुत्री मागे लागतात, पावसात बूट जड होतात. मग आवडतं काय? आवडतं ते नंतरचं. घरी येऊन, दाराच्या उंबऱ्यावर बसून, अंगावर घाम असताना घेतलेला चहा. ती पंधरा मिनिटं मला बसता येतं. मांडी हलत नाही, हात काही शोधत नाहीत, कुणी येऊन काही म्हणेल असं वाटत नाही. दिवसभरात तेवढीच पंधरा मिनिटं मी खरोखर बसलेली असते. ती मिळावीत म्हणून मी आधी दहा किलोमीटर पळत होते. आणि दुखलं तर ती पंधरा मिनिटं जास्तच माझी वाटायची.

हे लक्षात आल्यावर मला आमच्या घरातलं रात्रीचं जेवण आठवलं. आई, बाबा, ताई दमून यायचे. हातपाय धुतले तरी नखांत चिखल राहायचा. आणि आई म्हणायची, "तिला आधी वाढ गो, तिला अभ्यासाला बसायचंय." सुकटीच्या कालवणातला जाड भाग माझ्या ताटात. मी दिवसभर घराच्या ओटीवर, नाहीतर आतल्या खिडकीशी पुस्तक घेऊन बसलेली. आणि जे वाकून वाकून मोडले होते ते मी जेवण्याची वाट बघायचे. कुणी कधी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर कदाचित बरं झालं असतं.

त्या खिडकीतून आमचं भाताचं खाचर दिसायचं. लावणीच्या दिवसांत चिखलात ओळीने आठ-दहा बाया असायच्या, आई आणि ताई त्यांच्यात. ओळ मागे मागे सरकत जायची. एक धडा वाचून झाला की मी मान वर करून बघायचे. त्या वाकलेल्या. आणखी एक गणित सोडवून बघायचे. वाकलेल्याच. सकाळी बघा, जेवणाआधी बघा, दुपारी बघा, कुणाची कंबर सरळ झालेली मी कधी पाहिली नाही. पुढे कॉलेजला, मग परीक्षांच्या तयारीला, मग नोकरीत, थकून डोकं टेकावंसं वाटलं की ते चित्र समोर यायचं. मी परत सरळ बसायचे. मी जे काही झाले ते त्या चित्रामुळे, असं मी कितीदा तरी लोकांना अभिमानाने सांगितलंय.

शनिवारी मी किन्हवलीमार्गे एसटीने ताईकडे गेले. तिच्याकडे लावणी चालू होती. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, अशा गावातल्या बाया अजूनही एकमेकींच्या शेतात जातात. ताईला गुडघ्यामुळे चिखलात उतरता येत नव्हतं. ती बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून रोपांच्या मुठी मोजत होती आणि सगळ्यांना ओरडत होती. माझ्यासाठी दुसरी खुर्ची आली. आयुष्यात पहिल्यांदा मी लावणी इतक्या जवळून, काही काम नसताना, बसून बघत होते.

ओळीतली एक म्हणाली, "काय गो म्याडम, पायाला काय झालं?"

ताईच म्हणाली, "पळून पळून मोडलाय."

"कुणाच्या मागं पळत होती?"

"कुणाच्या मागं नाय. एकटीच."

"एकटीच पळते नि पाय मोडून घेते! वाघ लागलेला काय?"

"वाघ असता तर बरं," ताई म्हणाली. "खाऊन गप तरी बसला असता."

ओळ खदखदली. हात मात्र चालूच होते. मूठ सोडायची, तीन-चार रोपं चिमटीत धरायची, खुपसायची, मागे सरकायचं. मी नेहमीचं चित्र बघत होते. आणि मग, वीसेक मिनिटं झाली असतील, ओळीच्या कडेला असलेली म्हातारी एकदम म्हणाली, "थांबा गो!"

आणि सगळ्या उभ्या राहिल्या.

एकदम, सगळ्याच. हात कमरेवर, पाठ मागे झुकवून, तोंड आभाळाकडे. एकीने कनवटीची डबी काढून मशेरी लावली. दुसरीने स्वतःच्या सासूची नक्कल केली. एक नुसतीच डोळे मिटून उभी राहिली. दोन-तीन मिनिटं गेली असतील. मग म्हातारी म्हणाली, "चला," आणि ओळ परत वाकली.

मी ताईला विचारलं, "हे कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"हे मधेच उभं राहायचं."

माणसं पाणी कधीपासून पितात असं विचारल्यासारखं तिने माझ्याकडे बघितलं. "पयल्यापासून. न थांबता कोण लावील? मशीन हाय काय? एकटीनं उभं ऱ्हायलं तर वळ तुटते, म्हणून एकदम थांबायचं. कडंची सांगते."

"आई नाही थांबायची."

"आई? आईच सांगायची थांबा म्हणून. आपल्या खाचरात कडंला तीच असायची."

"ताई, मी रोज बघायचे खिडकीतून. तुम्ही कधी उभ्या नसायचात."

ताई हसायला लागली. एवढी हसली की गुडघा धरून हसली. "अगं, तू बघायचीस तवा वाकायचो!"

मला कळेना.

"तुझं डोकं खिडकीत दिसलं का आई बोलायची, वाका गो, पोरगी बघते. आमी फटाफट वाकायचो. तू पाचवीत होतीस तवा एकदा पुस्तक टाकून आली होतीस, आठवतं काय? आमी कायतरी हसत होतो, ते बघून धावत आलीस, दिवसभर चिखलात लोळलीस. दुसऱ्या दिवशी पण पुस्तक घेईना. आई घाबरली. बोलली, हिला इकडची मजा दिसली तर ही शाळा सोडंल. मंग तसंच चालू ऱ्हायलं. दहावीपर्यंत. बाया पण बोलायच्या, साहेबीण बघतेय, वाका."

तो पाचवीतला दिवस मला आठवत होता. चिखल मांडीपर्यंत आला होता आणि ताईने माझ्या गालाला लावला होता. त्याचा या सगळ्याशी काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मीही हसले आधी. मग हसता येईना. बांधावर बसून मी ते चित्र परत परत मनात आणून बघत होते. खिडकी तीच, खाचर तेच. पण आता मला माहीत होतं की माझी मान खाली गेली की तिकडे दहा बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या, मशेरी लावायच्या, कुणाच्या तरी सासूला हसायच्या. मी पुस्तकात राहावं म्हणून आईने त्यांची विश्रांती माझ्यापासून लपवली होती. ती लपवली म्हणून मी शिकले, यात मला आजही शंका नाही. आणि ती लपवली म्हणूनच बसायचं कसं, ते मी शिकले नाही.

ताई म्हणाली, "म्हंजे त्रास नव्हता असं नको समजू. गुडघे काय हसून हसून गेलेत काय?"

"नाही."

"तुला वाटायचं आमी थांबतच नाय?"

"हो."

"आणि म्हणून तू पळतेस?"

"माहीत नाही ताई. असेल."

"दुखलं तरी?"

मी सलवार घोट्यावरून वर ओढली. मग खरं सांगितलं. गच्चीवरच्या फेऱ्या सांगितल्या, सुजलेली जागा दाखवली. म्हटलं, "दुखलं की बरं वाटायचं."

ताई ओळीकडे बघत राहिली. मुठी मोजायच्या राहिल्या होत्या. मग म्हणाली, "हे आईला नसतं आवडलं."

एवढंच. ती रागावली असती तर मी कारणं दिली असती.

हे कळल्यावर माझं पळण्याचं वेड उतरलं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. सोमवारी सकाळी साडेपाचला पायांत तीच वळवळ. समजलेली गोष्ट पायांपर्यंत पोचायला फार वेळ लागतो, याचं माझं मलाच नवल वाटलं. मी एक केलं. चहा केला आणि उंबऱ्यावर जाऊन बसले. न पळता, न घामाची. पहिल्या दिवशी चार मिनिटांत उठून भांडी घासायला लागले. दुसऱ्या दिवशी सहा. हे मी ताईला सांगितलं होतं; तिसऱ्या दिवशी बरोबर साडेपाचला तिचा फोन आला.

"बसलीस काय?"

"बसले."

"चा घेतलास?"

"घेतेय."

"बस मंग. मी पण बसलीय." आणि फोन चालूच. तिकडे कोंबड्या, तिची सून कुणाला तरी हाका मारतेय. आम्ही काही बोलत नव्हतो. मधेच ती म्हणायची, "वाकू नको हां, मी काय बघत नाय." मला हसू यायचं आणि चहा सांडायचा.

दोनदा मी हरले. एकदा गच्चीवर गेले, वीस फेऱ्या झाल्यावर दुखायला लागलं, आणि त्या दुखण्यात ते जुनं बरं वाटणं पुन्हा सापडतंय का हे मी मुद्दाम शोधत राहिले. सापडलं. तेही खरं आहे. पण या वेळी मला ते ओळखू आलं, आणि श्रावणातली तारीख डोळ्यांपुढे होती. मी जिना उतरून खाली आले. दुसऱ्यांदा हरले ते मी ताईला अजून सांगितलेलं नाही.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी नडगी दाबून बघितली. नुसता दाब कळला. "भरलंय. हळूहळू सुरू करायला हरकत नाही," ते म्हणाले. मी त्यांच्या "मग?"चं उत्तर मनात जुळवून आणलं होतं. पण त्यांना तो प्रश्न आठवतही नव्हता. बाहेर बाकड्यावर माणसं वाट बघत होती. मी आभार मानून उठले.

ताईचं ऑपरेशन कल्याणला झालं. मी दोन्ही पायांवर उभी होते. न्हाणीत तिला धरलं, तिचे केस धुतले, तिच्या शिव्या खाल्ल्या. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी गुडघा दहा वेळा वाकवायला सांगितला तर ताई सातव्याला थांबायची.

"दहा सांगितलेत ताई."

"दुखतंय. थांबली. परत करीन." आणि पाच मिनिटांनी ती खरंच उरलेले तीन करायची. मी बाजूला बसून हे रोज बघत होते. शाळेत कधी इतकं लक्ष दिलं नसेल.

तिच्या घरी आणल्यावर दहाव्या-बाराव्या दिवशी ती वॉकर घेऊन पडवीतून दारापर्यंत निघाली. मी तिच्या कोपराखाली हात धरून. बाहेर खाचरातलं भात गुडघ्याच्या वर आलेलं, हिरवंगार. निम्म्यात ती म्हणाली, "थांब गो."

"चारच पावलं राहिलीत."

"दार काय पळून जातंय?"

आम्ही थांबलो. तिने एक हात वॉकरवरून सोडवून कमरेवर ठेवला आणि पाठ जराशी मागे झुकवली. मग माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिली. मीही माझा मोकळा हात कमरेवर ठेवला.